कफनवाल्याचं झबलं

इस्पितळाच्या तळघरात म्हातारा शिंपी कफनं शिवायचा. कामाला डोकं लागत नसे. माप घ्यायचं नाही, खिसा लावायचा नाही आणि शेवटच्या टाक्याला गाठ मारायची नाही. दोरा तसाच सोडायचा. आधीच्या कारागिरानं घालून दिलेली रीत. पाठीचं पार धनुष्य झालं होतं. घरात मात्र तो कुणाचं तुटलेलं बटणसुद्धा लावून देत नसे.

त्या संध्याकाळी तो पाय ओढत घरी आला, तर सुनेनं मलमलीचा तुकडा पुढ्यात ठेवला. तिला सातवा महिना होता.

"बाबा, पहिलं झबलं तुमच्या हातचं हवंय."

"बाजारात ढिगानं मिळतात. हे हात मेलेल्यांचे, बाई."

"त्यांनी कधी तक्रार केली?"

"छे. गिऱ्हाइकं सोन्यासारखी." पण तो हसला नाही. "बाळाला काही झालं, तर जन्मभर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

सून शाळेत इंग्रजी शिकवायची. दिवसभर उभं राहून तिचेही पाय सुजले होते. ती भिंतीला टेकली.

"तुमच्या कफनाला इंग्रजीत श्राउड म्हणतात. फार पूर्वी त्याचा अर्थ नुसता कपडा. अंगात घालायचा, रोजचा. मूळ अर्थ कापलेला तुकडा, असं सांगतात. पुढे तो मेलेल्यांच्या वाट्याला गेला. आता धुक्यानं डोंगर झाकला तरी तोच शब्द वापरतात."

"म्हणजे शब्दाचीही तळघरात बदली झाली म्हणायची."

"झाली. पण होता तो जित्याजागत्या माणसांचाच."

 म्हाताऱ्यानं चष्मा पुसला आणि तुकडा मांडीवर ओढला.

"माप तेवढं देता यायचं नाही," सून म्हणाली. "अजून आलंय कुठे ते."

"बिनमापाचं शिवण्यात हयात गेली माझी."

तो शिवत राहिला. शेवटच्या टाक्याशी बोटं सवयीनं दोरा सोडायला निघाली, तशी त्यानं ती आवरली. दोरा बोटाभोवती गुंडाळला. गाठ निसटली. पुन्हा निसटली. मग एकदाची बसली. त्यानं ती ओढून पाहिली, दातानं दोरा तोडला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"चहा टाकू?" सुनेनं विचारलं.

"तू बस. मी टाकतो."