दोन एक्के आणि पाच भिडू

पोकर या पत्त्यांच्या जुगारावरच्या प्रकल्पावर मुलीचं नाव बरं दिसत नाही, घरचे काय म्हणतील, असं कॉलेजातल्या बोरस्तेसरांनी हर्षालीला सुचवून पाहिलं होतं. तिच्या घरच्यांना तर सगळं ठाऊक होतं. आडगावच्या मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता तिनंच आईला सांगितलं होतं, की तिनं लिहिलेल्या प्रोग्रॅमवर कॉम्प्युटर लाख वेळा पत्ते पिसतो, वाटतो आणि कोण किती वेळा जिंकलं ते मोजतो.

प्रकल्प-स्पर्धेच्या दिवशी पोस्टरवर एकच नाव होतं, सार्थक बोरस्ते. हा सरांचा पुतण्या. त्यानं फक्त पोस्टर रंगवलं होतं. हर्षाली मागच्या रांगेत ओठ आवळून बसली.

पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, हातात दोन एक्के असले तर जिंकण्याची शक्यता किती?

"पंच्याऐंशी टक्के," सार्थक म्हणाला.

"समोर किती भिडू धरून?"

सार्थकनं काकांकडे पाहिलं. सर हसून म्हणाले, "कितीही असोत मॅडम, एक्के ते एक्केच."

हर्षालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव चोरलं ते चोरलं, वर तिच्या तीन महिन्यांच्या कामाच्या तोंडी हे असलं अडाणी उत्तर!

ती उभी राहिली. "एकच भिडू असेल तर पंच्याऐंशी. पाच असले तर पन्नासाच्याही खाली. कारण एक्क्यांना हरवू शकणारे हात पाच होतात."

ही आमची मदतनीस, असं सर घाईघाईनं सांगू लागले. बाईंनी त्यांना थांबवलं आणि सार्थकला तीन भिडू धरून प्रोग्रॅम चालवायला सांगितला. त्यानं कीबोर्ड बाजूला सारला.

"मला नाही येत," तो म्हणाला. "हे सगळं हर्षालीनं केलंय."

मग हर्षालीनं भिडूंचा आकडा बदलून तीन केला. उत्तर आलं, चौसष्ट टक्क्यांच्या आसपास.

पहिलं बक्षीस मिळालं, पण प्रमाणपत्रावर दोन नावं आली, त्यातही सार्थकचं आधी. आता मिटवून टाक, अंतर्गत गुण माझ्याच हातात आहेत, असं सरांनी तिला बजावलं. हर्षालीनं प्रमाणपत्र त्यांच्याच टेबलावर ठेवलं आणि प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. सार्थकनंही त्या तक्रारीखाली सही केली.

पंधरा दिवसांनी तिच्या एकटीच्या नावाचं प्रमाणपत्र आलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. तिला मात्र आनंदापेक्षा चीडच जास्त आली. स्वतःच्या कामावर स्वतःचं नाव असावं, एवढ्यासाठी तिला अर्ज करावा लागला होता.