तारेपलीकडची माय

अंबडच्या वाटेवर मिशनने महारोग्यांसाठी वस्ती वसवली होती. वडीगोद्रीची नंदाबाई नवऱ्याला माती द्यायला तिथे आली आणि तिथलीच होऊन गेली. पगार नाही, बाप्तिस्मा नाही. दोन वेळची भाकरी आणि बाळघरातली सात पोरं सांभाळायची. रोग्यांची पोरं तान्ही असतानाच आयांपासून तोडून बाळघरात ठेवत. नियम पोरांच्या भल्याचाच होता, पण असले नियम करणाऱ्यांना कधी पान्हा फुटत नाही.

रविवारी प्रार्थना सुटली की आया कुंपणाच्या तारेपलीकडे उभ्या राहत. नंदाबाई दहा हात अलीकडून एकेक पोर उचलून दाखवी. गोजरबाईची कौसा तिच्या फार जिवाची. बोलायला लागली तशी पोर तिलाच माय म्हणू लागली. नंदाबाईला कोण आनंद झाला, पण तिने छातीवर दगड ठेवला.

"मी न्हाई माय. तारंच्या पल्याड उभी हाय ना, ती तुही माय."

तीन वर्षं तिने हेच घोकून घेतलं. आपण कुणाची माय चोरली नाही, असा तिला तोराच होता.

छप्पन सालच्या चैत्रात गोजरबाई बरी झाली. सिस्टरने सुटीचा कागद दिला. भाऊ रामकिसन बैलगाडी घेऊन फाटकाशी थांबला. गोजरबाई पहिल्यांदाच तारेच्या अलीकडे आली, खाली बसली आणि तिने हात पसरले.

कौसा नंदाबाईच्या पदरात शिरली.

"अगं, माय हाय तुही," नंदाबाई म्हणाली.

पोरीने मान हलवली. पळत कुंपणाशी गेली आणि तार धरून पलीकडच्या रिकाम्या पटांगणाला हाका मारू लागली, "माय, ये ना माय."

गोजरबाईने हात लावला तशी ती किंचाळली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"उचल अन् चल जल्दी," रामकिसन म्हणाला. "रडून रडून गप व्हईल."

नंदाबाईला स्वतःच्या जिभेची किळस आली. तिने शिकवलेलं पोरीने बरोबर पाठ केलं होतं.

गोजरबाई उठली. फाटकातून वळसा घालून रोग्यांच्या बाजूला गेली आणि रविवारच्या जागी उभी राहिली. कौसा रडायची थांबली, खुदकन हसली. "माय."

"दादा, तू निघ," गोजरबाई तारेपलीकडून म्हणाली. "इथं तरी मी तिची माय हाय."