सगळ्यांचं एकच उत्तर

तिनं लॅपटॉप चादरींच्या ढिगावर ठेवला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“पण कुठला गठ्ठा कुठल्या गाडीत जायचा, हे ठरवतं कोण?”

“दादा,” इस्त्रीवाली म्हणाली. “तुझे बाबा गं. एक नजर टाकली की झालं.”

गाडीवाल्यानंही हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. तिला बरं वाटलं. इस्पितळांच्या नि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या या लाँड्रीत बाबांची उभी हयात गेली होती. मालक आता सगळा कारभार कॉम्प्युटरवर आणणार होते. सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी कामगारांना नेमकं काय हवंय हे विचारून घ्यायला त्यांनी मुद्दाम तिलाच बोलावलं होतं; तिचा व्यवसायच तो. दादांची मुलगी म्हटल्यावर माणसं मोकळं बोलतील, असं त्यांचं म्हणणं.

दुपारी ती बाबांचं काम बघायला फाटकाशी उभी राहिली. बाबा गठ्ठ्यावर हात ठेवायचे, जरा थांबायचे, मग म्हणायचे, “मोठ्या गाडीत.” त्या थांबण्यात पॅकिंगवाली काकू दर वेळी तो गठ्ठा पायानं किंचित सरकवत होती. मोठ्या गाडीकडे, नाहीतर छोट्या गाडीकडे.

मध्येच काकूला कुणीतरी आत हाक मारली. बाबांचा हात गठ्ठ्यावर तसाच राहिला. चादरीच्या कडेला गिऱ्हाइकाची खूण म्हणून हिरवी पट्टी होती.

“बाबा, हिरवी पट्टी कुणाची?”

ते हसले. “तूच सांग बघू.”

लहानपणी पाढे विचारताना हसायचे, अगदी तसे. डोळे मात्र काकूला शोधत होते.

काकूला तिनं साबणाच्या खोलीत गाठलं.

“कधीपासून?”

काकू ओले हात पुसत राहिली. “दादा विसरायला लागले, त्याला बरेच दिवस झाले. आम्ही घेतो सांभाळून.”

“मी एकेकाला विचारलं, काकू. कुणीच बोललं नाही.”

“तुला कळू द्यायचं नाही, असं दादांनी बजावलं होतं. आणि तू आलीस मालकांकडून. मशीनच गठ्ठे ओळखायला लागलं, तर त्यांना ठेवणार कोण?” काकूचा आवाज खाली गेला. “रागावू नकोस. तू काय काय विचारणार, ते वहिनींनी आधीच कळवलं होतं. कुणी काय बोलायचं, ते आम्ही ठरवून ठेवलं.”

वहिनी म्हणजे आई.

मागच्या आठवड्यात आईनं फोनवर विचारलं होतं, ‘तू नेमकं काय काम करतेस गं? लोकांना विचारतेस तरी काय?’ इतक्या वर्षांत कधी नाही ते. ती हरखून बोलत सुटली होती. एकेक प्रश्न समजावून सांगितला होता. आई मधूनमधून म्हणत होती, ‘थांब, जरा सावकाश सांग.’

ती साबणाच्या पिंपावर बसली. पिंप ओलं होतं, तरी तिला उठवेना.

संध्याकाळी यंत्रं थांबली. बाबा केस विंचरून ऑफिसात आले आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

“आता माझी पाळी. माझे प्रश्न राहिलेत ना?”

काचेपलीकडे काकू, इस्त्रीवाली, गाडीवाला उगाच रेंगाळत होते. तिनं तिकडे पाहिलं नाही. लॅपटॉप मिटला.

“तुम्हाला काय विचारायचं, बाबा? तुमचं सगळं मला माहीतच आहे.”

बाबांचे ताठ खांदे सैल झाले.

“मग चल,” ते म्हणाले. “आई वाट बघत असेल.”

तिनं होकारार्थी मान हलवली, पण ती उठली नाही.