डावा गार्ड

रविवारी सकाळी अकराला निमिषचा फोन येई. गिरिजा पावणेअकरालाच चहाचा कप विसळून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसे. वही प्रयोगशाळेतल्यासारखीच होती, चौकटींच्या कागदाची. डाव्या रकान्यात खेळाडूचं नाव, मग कॉलेज, उंची, वजन, हाताची लांबी, आणि शेवटच्या रुंद रकान्यात तिचं स्वतःचं मत. मतं थोडक्यात असत. ‘पाय जड.’ ‘पहिला धक्का उत्तम, दुसरा नाही.’ ‘चौथ्या सत्रातही गुडघे वाकलेले.’

खेळ अमेरिकन फुटबॉलचा. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू छातीशी धरून, एकमेकांवर आदळत खेळायचा. एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी त्याचा ड्राफ्ट सुरू होतो. कॉलेजात तयार झालेली पोरं व्यावसायिक संघ पाळीपाळीने निवडून घेतात, आणि मागच्या मोसमात जो सर्वांत वाईट हरला त्याची पाळी पहिली. गिरिजा राहायची त्या डेट्रॉइटच्या संघाने सतरापैकी सातच सामने जिंकले होते, म्हणून यंदा त्यांची पाळी बारावी होती.

त्या बाराव्या पाळीला कोणाला घ्यावं याबद्दल गिरिजाचं मत जानेवारीतच पक्कं झालं होतं. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे राहतात, आणि त्यांतल्या मधल्याच्या डाव्या हाताला असतो तो डावा गार्ड. त्याच्याकडे कॅमेरा कधी वळत नाही, त्याच्या नावाचे शर्ट कोणी विकत घेत नाही. गेल्या मोसमात डेट्रॉइटचा क्वार्टरबॅक एक्कावन्न वेळा आडवा झाला. गिरिजाने एक्कावन्नही वेळा ती चित्रफीत मागेपुढे करून पाहिली. एकोणीस वेळा भगदाड डाव्या गार्डच्याच जागी पडलं होतं.

अकरा वाजून एक मिनिटाने फोन वाजला.

“हाय आई.”

“बोल. व्हिटलीच का अजून?”

“ऑफकोर्स व्हिटली. आई, ही इज सो फास्ट. कोणी कॅच करू शकत नाही त्याला.”

“त्याच्यापर्यंत चेंडू पोचायला फेकणारा उभा राहायला नको का? मला टोलिव्हर हवा.”

“गार्ड? बाराव्या पिकला? नोबडी डज दॅट.”

“म्हणून तर आपण हरतो.”

निमिष हसला. तिकडे टेक्ससमध्ये, शुगर लँडच्या त्याच्या घरी मिक्सर चालू झाला आणि बंद झाला. “आणि लेफ्ट गार्डला हॅन्सली आहे की. ही वॉज फाइन लास्ट इयर.”

गिरिजाचं पेन कागदावर थांबलं. हॅन्सलीला संघाने मार्चमध्येच सोडून दिलं होतं. डेट्रॉइटच्या चाहत्यांत दोन आठवडे तेवढा एकच विषय होता. त्या बातमीवर निमिषशी आपण बोललो होतो का, हे तिने आठवून पाहिलं. ती बोलली होती. तो ‘हं’ म्हणाला होता.

गेली तीस वर्षं ती गाड्यांचे बोल्ट आणि स्प्रिंगा तुटेपर्यंत हलवून पाहण्याच्या कामात होती. एखादा आकडा विचित्र आला तर तो फेकायचा नसतो आणि त्यावर विश्वासही ठेवायचा नसतो. पुन्हा मोजायचं, आणि शेजारी असा एक नमुना ठेवायचा ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे.

“दुसऱ्या फेरीत वॉरनेकी कसा वाटतो?” ती म्हणाली. “गस वॉरनेकी.”

“वॉरनेकी… या, आय लाइक हिम. थोडा रॉ आहे, पण अपसाइड आहे त्याच्यात.”

गस वॉरनेकी हा साठी उलटलेला प्लंबर होता. आदल्या दिवशी तो तिच्या तळघरातला पाणी उपसायचा पंप बदलून गेला होता, आणि गुडघे दुखतात म्हणून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरला होता.

“हं,” गिरिजा म्हणाली. “बघू या.”

“गुरुवारी कॉल करतोच. सात वाजता, माझ्या टाइमने. ड्राफ्ट नाइट, आपली.”

“कर.”

फोन ठेवल्यावर तिने निमिषची वाक्यं कागदावर उतरवून इंटरनेटवर शोधून पाहिली. व्हिटलीबद्दलचं वाक्य एका क्रीडा संकेतस्थळावरच्या डिसेंबरमधल्या लेखात जसंच्या तसं होतं. हॅन्सलीही त्याच परिच्छेदात होता. तिला हसू आलं नाही. गसच्या वयस्कर गुडघ्यांची आपण अशी थट्टा केली याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली ती मुलाला सापळा लावल्याची.

गिरिजाचा नवरा शशिकांत गेला तेव्हा निमिष तेरा वर्षांचा होता. त्यानंतरच्या हिवाळ्यात तो घरात बोलेनासा झाला. जेवायचं का, नो. शाळा कशी होती, फाइन. दारामागून टीव्हीवरचा सामन्यांचा गलका तेवढा ऐकू येई. गिरिजाने ग्रंथालयातून नियमांचं पुस्तक आणलं आणि धातुशास्त्राची परीक्षा असावी तसा या खेळाचा अभ्यास केला. सहा आठवड्यांनी एका रविवारी ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि म्हणाली, “ही चाल चुकली. उजवीकडे तीनच माणसं होती.” निमिषने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून मायलेकांना एक भाषा मिळाली, आणि ती कॉलेज, नोकरी, टेक्सस, इशिताशी लग्न, सगळ्यांतून टिकली. दुसऱ्या कुठल्याही विषयावर ते पाच मिनिटंसुद्धा बोलले नव्हते. तशी कधी गरजच पडली नाही.

मंगळवारी संध्याकाळी शुभा आली. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, मूळची नागपूरची. तिने वड्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि वहीकडे हनुवटीने खूण केली.

“सुरू झालं का तुझं वधूवरसूचक मंडळ?”

“परवा आहे.”

“परवा गुरुवार आहे, बाई. दर गुरुवारी माझ्याकडे दत्ताची आरती असते. बारा बायका येतात, तू सोडून. दत्तापुढे कुत्री बसतात ती तुला चालत नाहीत, आणि हे रेडे चालतात.”

“रेडे नाहीत. हा टोलिव्हर बघ, तीनशे वीस पौंड, पण पाय कसे पडतात.”

“मी कशाला परक्याच्या पोराचे पाय बघू?” शुभा खुर्चीत बसली. “पण एक सांगते, तुझं बरं आहे. पोरगा दर रविवारी फोन करतो. आमची यामिनी महिन्यातून एकदा, तोही आमटीत गूळ किती घालू विचारायला. मी मुद्दाम चूक सांगते, म्हणजे परत करेल.”

“करते?”

“नाही ना. तिचा नवरा म्हणाला, छान झाली.”

गिरिजा हसली. शुभा गेल्यावर मात्र तिने वड्यांचा डबा बराच वेळ उघडला नाही. दर रविवारचा फोन. मराठी मंडळातल्या बायका तिच्यापाशी याबद्दल कौतुकाने बोलत, थोड्या असूयेनेही, आणि गिरिजा काही न बोलता ते ऐकून घेई. आता तिला दिसत होतं की रविवारी सकाळी तिकडे एक माणूस गजर लावून उठत असेल, एखादा लेख उघडून दोन वाक्यं पाठ करत असेल, आणि चाळीस मिनिटं आईला खेळवत असेल. काही बोललं नाही तर हे असंच आणखी वीस वर्षं चालेल. बोललं तर मुलाकडे फोन करायला कारणच उरणार नाही.

गुरुवारी तिने खिचडी लवकर खाल्ली. आठ वाजता, म्हणजे निमिषकडच्या सातला, टीव्ही लावला तेव्हा खिडकीबाहेर अजून उजेड होता. निमिषचा फोन आला. तिने तो टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. एकामागून एक पोरं नव्या सुटात मंचावर येऊन आयांना मिठ्या मारत होती. निमिष मधूनमधून “वाव” म्हणत होता, प्रत्येक वेळी एक क्षण उशिरा. पलीकडे इशिताने हळूच विचारलेलं ऐकू आलं: किती वेळ अजून? सातव्या पाळीला व्हिटली गेला.

“देअर गोज माय गाय,” निमिष म्हणाला. “आता वॉरनेकी घेतील का लवकर?”

गिरिजाने टीव्हीचा आवाज बंद केला.

“निमिष, गस वॉरनेकी आपला प्लंबर आहे.”

तिने फोन जवळ ओढला.

“शनिवारी पंप बदलून गेला. हॅन्सलीला त्यांनी मार्चमध्ये काढलं. तू म्हणालास तो आहे, म्हणून मी… तपासून पाहिलं.”

“यू टेस्टेड मी.”

“हो. तसं करायला नको होतं.”

“वाव,” तो म्हणाला. या वेळी तो शब्द वेळेवर आला. मग त्याने एक दीर्घ श्वास सोडला. “दोन वर्षं झाली, आई. आमच्याकडे चॅनलच नाही. संडेला आम्ही बाहेर असतो. आय जस्ट… ग्रू आउट ऑफ इट.”

“मग सांगायचं.”

“कसं सांगू? तुझं सगळं तेच आहे. तू किती एक्साइट होतेस. मला वाटलं, मी पण सोडलं तर तू एकटीच बसशील टीव्हीसमोर.”

“मी तुझ्यासाठी शिकले होते ते.”

“आय नो. म्हणून तर.”

पडद्यावर अकरावा पोरगा मंचाच्या पायऱ्या चढत होता. मग निमिष म्हणाला, “जेवलीस?”

“हो. खिचडी. तुम्ही?”

“आम्ही… इशिता काहीतरी करतेय. पास्ता.”

“छान.”

“तिकडे थंडी आहे अजून?”

“कमी झाली.”

तेवढ्यावर सगळं संपलं. गिरिजाने वाट पाहिली आणि तिला जाणवलं की तोही वाट पाहत आहे, आणि दोघांच्याही हाताशी काही नाही. “जा तू,” ती म्हणाली. “पास्ता गार होईल.”

“यू शुअर?”

“हो.”

सव्वानऊच्या सुमाराला डेट्रॉइटची पाळी आली. तिने आवाज पुन्हा चालू केला. नाव पुकारलं गेलं: इझेकिएल टोलिव्हर, गार्ड. स्टुडिओतले तज्ज्ञ एकमेकांकडे बघून हसू लागले. कोणीही त्याला पहिल्या तीस जणांत धरलं नव्हतं. एक जण म्हणाला, हात आखूड आहेत.

“हाताचं काय घेऊन बसलात,” गिरिजा त्या रिकाम्या खोलीत मराठीत म्हणाली. “दमल्यावर पाय बघा त्याचे.”

ती उभी राहिली होती हे तिच्या नंतर ध्यानात आलं. फोन टेबलावर पालथा होता. तिने तो उचलला, निमिषच्या नावावर बोट नेलं, आणि परत ठेवला. आनंद तर खरा होता. निमिषसाठी शिकलेली गोष्ट मधल्या काळात केव्हातरी तिची स्वतःची झाली होती, आणि ती आता निमिषला देता येण्यासारखी राहिली नव्हती. टोलिव्हर कॅमेऱ्याकडे बघून काही बोलत होता. त्याची आई शेजारी रडत होती. गिरिजा शेवटच्या पाळीपर्यंत बसली, आणि तिने प्रत्येक नावापुढे टिपण केलं.

शुक्रवारी कामावर कोणी विषय काढला नाही. शनिवारी तिने परसातली पानं गोळा केली, उरलेल्या फेऱ्या पाहिल्या, भाजी आणली. दुकानात पैसे यंत्राने घेतले.

रविवारी ती सवयीने पावणेअकराला टेबलाशी बसली. अकरा वाजले. सव्वाअकरा. साडेअकराला निमिषचा मेसेज आला: ‘हाय आई, आज थोडं बिझी. नेक्स्ट वीक?’ तिने ‘चालेल’ लिहून पाठवलं. मग वही मिटून कपडे धुवायला टाकले, सुकवले, घड्या केल्या. असंच होणार हे तिला ठाऊक होतं. आज पुढचा आठवडा, मग पुढचा महिना, मग कधीतरी आमटी.

घड्या घालताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती तिला नीट तपासून पाहावी लागली. इतक्या वर्षांत तिने निमिषला आपणहून कधी फोन केला नव्हता. त्याचा येतो, म्हणून.

साडेचारला तिने फोन लावला. समोर वही नव्हती, एकही मुद्दा लिहिलेला नव्हता.

पहिल्याच घंटेला उचलला गेला. “आई? व्हॉट हॅपन्ड?”

“काही नाही.”

“यू ओके? तू कधी कॉल करत नाहीस.”

“सहज केला.”

“सहज म्हणजे?” मागून इशिताने काहीतरी विचारलं, आणि तो फोन बाजूला धरून म्हणाला, “आईचा आहे. आय डोन्ट नो.”

गिरिजाने बोलायला तोंड उघडलं आणि तिला दिसलं की आपल्याजवळ सांगण्यासारखं असं काहीच नाही. पंप चालतोय. थंडी गेली. टोलिव्हरबद्दल चार पानं सांगता आली असती. तिने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला.

“काल दिवसभर मी कोणाशीच बोलले नाही, निमिष,” ती म्हणाली. “एक शब्दही नाही. झोपताना लक्षात आलं. तक्रार नाही ही. खरं आहे म्हणून सांगितलं.”

तो काय वाचून सांगेल, हे या वेळी तिला माहीत नव्हतं. बहुधा त्यालाही नसावं. तिकडे एक दार लागल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा.

“ओके,” निमिष म्हणाला. “मी बसलोय.”