फोटोत राहून गेलेला पत्ता

ईमेल आला तेव्हा बर्नडिन हाइट ही धान्यकोठीच्या ऑफिसात ट्रकांची वजनं लिहून घेत होती. ईमेल तीनच ओळींचा होता. 'तुमचा लोखंडी क्रूसाचा फोटो विकत घेतला. छान आहे. उत्तरेकडच्या फाटकाला कुलूप असतं का? आणि तळ्याचं पाणी अजून वाटेवर आहे का?' खाली नाव नव्हतं.

तिनं तो दोनदा वाचला. फोटोखाली तिनं जागेचं नाव मुद्दामच दिलं नव्हतं. 'नॉर्थ डकोटा', बस्स, एवढंच. फोटोत ना फाटक होतं, ना तळं.

नोकरी सांभाळून गेली सहा वर्षं ती फोटो काढायची आणि इंटरनेटवर विकायची. ओस पडलेली चर्चं, मातीच्या भिंतींची पडकी घरं, वाऱ्यानं एका अंगाला झोपलेलं गवत. लोक पैसे भरून मोठी फाइल उतरवून घ्यायचे. घेणारे बहुतेक इथून उठून गेलेल्यांची नातवंडं. कुणीतरी लिहायचं, आजी याच आभाळाबद्दल सांगायची, आणि बर्नडिनचा दिवस चांगला जायचा.

तो क्रूस अँब्रोज वेल्क यांच्या कुरणात होता. अँब्रोज म्हणजे तिच्या वडिलांचे चुलतभाऊ, वय त्र्याऐंशी. त्यांचे आजोबा काळ्या समुद्राकडून इथं आले तेव्हा या माळावर झाड म्हणून नव्हतं. घटसर्पानं एका आठवड्यात दोन मुली गेल्या, तेव्हा लोहारानं बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा ठोकून दोघींच्या थडग्यासाठी मिळून एक क्रूस केला. त्याला मधोमध सूर्याचे किरण काढले. असे क्रूस अलीकडे चोरीला जायला लागले होते. शेजारच्या तालुक्यात वसंतात अकरा कापून नेले, कुणाच्या तरी बागेत शोभेला. म्हणून अँब्रोजनी बजावलं होतं, "फोटो काढ हवा तर. पण कुठं आहे ते कुणाला सांगायचं नाही, बर्नी."

तिनं फार्गोला भाचीला, काराला, फोन लावला. काराच तिच्या विक्रीच्या पानाचं सगळं बघायची.

"आत्या, हा नव्या कॅमेऱ्यावरचा ना?"

"हो."

"मग फाइलमध्ये जागा नोंदलेली असणार. ते पुसायचं असतं. मला वाटलं तू पुसतेस."

"मला कुठं ठाऊक? म्हणजे कुणालाही कळेल?"

"पाच मिनिटांत नकाशावर बोट ठेवता येईल. किती जणांनी घेतलाय?"

"सात."

बर्नडिननं फोटो लगेच काढून टाकला आणि सातही जणांना लिहिलं, कृपा करून फाइल पुसून टाका. दोघांनी 'बरं' म्हणून कळवलं. फाटकाबद्दल विचारणाऱ्यानं काहीच कळवलं नाही.

अँब्रोजना सांगायचं तिच्या जिवावर आलं. उद्या सांगू, उद्या सांगू करत दोन दिवस गेले. रविवारी चर्चच्या जेवणाला तेच तिच्या समोर येऊन बसले.

"काय गं, चेहरा आंबवलेल्या कोबीसारखा का झालाय? सूप तरी घे."

मग तिनं सांगितलं. सगळं, दोन दिवस गप्प बसल्याचंसुद्धा. अँब्रोजनी चमचा खाली ठेवला. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"कोट घाल," ते म्हणाले.

दोघं पिकअपनं कुरणाकडे निघाले. खडीचा रस्ता संपला तशी बर्नडिन मनात घोकत राहिली, असू दे, अजून तिथंच असू दे. उत्तरेचं फाटक सताड उघडं होतं. साखळी खाली लोंबत होती. ओल्या गवतात चाकांच्या ताज्या खुणा टेकडीकडे गेल्या होत्या.

वर एक करडी व्हॅन उभी होती. क्रूस जागेवर होता. त्याच्याजवळ पन्नाशीचा एक माणूस टेप घेऊन उंची मोजत होता.

"फाटक उघडंच होतं," तो म्हणाला.

"नव्हतं," अँब्रोज म्हणाले.

"हे बघा, इथं नुसतं गंजून चाललंय हो. मी नीट ठेवीन. रोख देतो."

"खाली कोण आहे ठाऊक आहे का?"

"काही लिहिलेलं दिसलं नाही."

"एमिलिया आणि रोझिना. माझ्या आत्या. एक नऊ वर्षांची, एक सहा."

माणसानं बर्नडिनकडे पाहिलं. "फोटो तुमचाच ना? तुम्हीच विकायला ठेवलात. मला वाटलं, विकायचं असेल."

तिचे कान तापले. व्हॅनचं मागचं दार उघडं होतं आणि आत लोखंड कापायची मशीन होती. तिनं फोन काढला आणि मशीनचा, नंबरपाटीचा आणि त्याच्या तोंडाचा फोटो घेतला. तिन्ही फोटो नीट आले. माणसानं टेप गुंडाळली आणि तो निमूटपणे निघून गेला.

"चर्चच्या अंगणात हलवू या, काका," ती म्हणाली. "तिथं लोकांची नजर असते."

"आणि या दोघी कुठं आहेत ते मग कुणाला कळणार?"

तिनं शेरिफला फोन लावला.

शेरिफच्या माणसानं नंबर लिहून घेतला आणि सांगितलं की काही चोरीला गेलं नसल्यानं फारसं करता येणार नाही. दुसऱ्या दिवशी अँब्रोजनी क्रूसाच्या बुडाशी हात-दीड हात खोल खणलं, जाड सळया जोडल्या आणि काँक्रीट ओतलं. बर्नडिननं पाणी वाहिलं, घमेली उचलली. काम झाल्यावर तिनं सवयीनं कॅमेरा वर केला.

"नको," अँब्रोज म्हणाले. तेवढंच.

पुढच्या आठवडाभरात तिनं बाकीच्या सगळ्या फोटोंतली जागा पुसली, एकेक फाइल उघडून. पण त्या क्रूसाच्या पाच फाइली अजून कुणाकुणाच्या संगणकावर होत्या, आणि त्या परत बोलावता येत नव्हत्या. कोठीच्या खिडकीतून परक्या राज्याची गाडी उत्तरेला वळताना दिसली की तिचं वजनांकडचं लक्ष उडायचं. मग ती अँब्रोजना फोन करायची.

"दिसली मला," ते म्हणायचे. "बसलोय मी इथं. तू तुझं काम कर."