एफीला न दिलेला चेंडू

शहरातून आलेले पाहुणे आमच्या गोल्फच्या मैदानाला नावं ठेवतात. हातात कार्ड, त्यावर एकेक फटका मोजायचा, आणि सोळाव्या होलला ओढ्यात चेंडू बुडाला की दिवसभराच्या हिशोबाचं मातेरं. मग चहा पिताना कुरकुर: ओढा बुजवा. मला असा राग येतो! अरे, हे मैदान दोघांनी समोरासमोर भिडण्यासाठी आहे. इथे प्रत्येक होल वेगळा जिंकायचा. एका होलला दहा फटके लागले तरी गेला तो एकच होल, पुढच्याला पुन्हा नवी सुरुवात. आणि सोळावा तर असा आखूड, की अंगात जोर असलेल्याला वाटतं, एका फटक्यात ओढ्यापार, होलभोवतीच्या हिरवळीवर जावं. शहाणा माणूस अलीकडेच थांबतो.

माझी थोरली बहीण एफी तशी शहाणी. गेल्या हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. ती खिडकीशी बसली ती उठेचना. वसंतात मी तिला ओढून मैदानावर आणलं आणि भीतीपोटी सगळं देत सुटले. चेंडू होलजवळ आला की समोरच्याने "दिला, उचल" म्हणायचं, मग तो गेलाच असं धरायचं, ही आमची रीतच. पण मी लांबलांबचेही देत होते.

गेल्या शनिवारी तिने चेंडू पिशवीत टाकला. "रोना, पुन्हा एकदा अशी दया दाखवलीस तर मी यायची नाही. खिडकी बरी. तिथे निदान कोणी खोटं खेळत नाही."

एफी बोलते ते करते. या शनिवारीही ती चिडून घरी गेली तर पुन्हा बाहेर पडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी मनापासून खेळले. वाटलं, बिचारी सपाटून हरेल. पण ती एकट्या डाव्या हाताने वाऱ्याखालून छोटे छोटे फटके मारत राहिली. पंधरा होल झाले तेव्हा मी फक्त एका होलने पुढे होते.

सोळाव्याला तिने चेंडू ओढ्याच्या अलीकडे ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तूही थांब हो इथेच. वय झालं आता."

"वय झालं तुझं!"

मारला. डुबुक्.

एफी वाकड्या तोंडाने इतकी हसली, की तिला काठीचा आधार घ्यावा लागला. "चाळीस वर्षं बघतेय मी. तुला अक्कल कधी येणार गं?"

सोळावा तिचा, बरोबरी झाली. सतरावा कोणाचाच नाही. अठराव्याला माझा चेंडू आधी आत गेला, पण तिच्याहून दोन फटके जास्त घेऊन. तिचा होलपासून हातभर उरला. तो गेला की मॅच तिची. हातभर अंतर तर परक्यालाही देतात. ती वाट बघत थांबली.

जीव तुटत होता माझा. दे म्हणत होता. मी खिशात हात घातले आणि तोंड बंद ठेवलं.

तिने मारला. चेंडू होलच्या कडेला लागून बाहेर आला. पुढच्या फटक्याला तो आत गेला, आणि मॅच बरोबरीत सुटली.

तिने चेंडू होलमधून काढला. संपलं, मला वाटलं, आता ही परत खिडकीशी.

"एवढासासुद्धा दिला नाहीस?"

"नाही."

"चांडाळीण आहेस." तिने चेंडू पुन्हा त्याच हातभर अंतरावर ठेवला. मारला, चुकला. परत ठेवला. परत चुकला.

मागे खोळंबलेली माणसं ओरडायला लागली, "बाई, सरका की आता!"

एफीने मानसुद्धा वर केली नाही. "थांबा जरा," ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी मला हिला हरवायचंय."