यामिनीच्या हातचं पाणी

"बाळा, मेडिसिन नको तर फार्मसी कर, बायोलॉजी कर. पण हे?"

यामिनीचे पापा विनवण्या करत होते आणि आमची लेक खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होती.

"पापा, इश विल दास," ती म्हणाली. मला हेच करायचंय. मराठी सगळं कळतं तिला, पण हट्टाला पेटली की जर्मन सुरू!

'हे' म्हणजे आल्टेनहाइम. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची शुश्रूषा शिकायची, तीन वर्षं. शाळेतर्फे दोन आठवडे तिथे गेली काय आणि तिथलीच झाली काय! शिक्षण ऑगस्टपासून, पण बाई आत्तापासूनच दर रविवारी कामाला जायची, आजही निघाली होती. मार्क असे, की हायडेलबर्गला मेडिसिनला डोळे झाकून घेतलं असतं. अठरा पूर्ण, म्हणजे आमची परवानगीही नको. मला तर नुसता संताप आला होता.

यांचं दुखणं वेगळं होतं. माझ्या सासूबाई, कुसुमबाई, नागपुरात एका हॉस्पिटलात सफाईला होत्या. जन्मभर पेशंटांची संडासाची भांडी उचलली. भांडं उचललेलं चालायचं, पण त्यांच्या जातीमुळे त्यांच्या हातचं पाणी कुणाला चालत नसे. "माह्या पोराच्या हातात हे भांडं येनार नाही," म्हणत त्यांनी यांना शिकवलं, केमिस्ट केलं, पार इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला पोचवलं. यातलं काहीच आम्ही यामिनीला सांगितलं नव्हतं. कशाला पोरीच्या डोक्याला ताप, म्हणून.

आणि रागवणार तरी कोणत्या तोंडाने? दर चौदा एप्रिलला वंदना झाली की तिचे पापाच तिला समोर बसवून सांगायचे, माणसाची सेवा करण्यात कमीपणा कसला! आम्ही असली भाषणं ऐकली, टाळ्या वाजवल्या आणि घरी आलो. हिने मेलीने खरंच मनावर घेतलं.

तेवढ्यात नागपूरचा फोन. यांनी स्पीकरवर टाकला.

"काय शिकून राहिली रे माही नात?"

"मेडिकल लाइनलाच आहे, आई."

यामिनीने मान वर केली. खोटं न बोलणं पंचशीलातलंच. यांनीच पाठ करून घेतलेलं.

"नाही आज्जी. मी म्हाताऱ्या लोकांना आंघोळ घालते. त्यांची शी काढते. मला आवडतं."

यांनी डोळे मिटून घेतले. आता म्हातारी रडणार, असंच वाटलं मला.

"बाई," सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुह्या हातचं पानी पेतात काय ते लोकं?"

"पाणी? हो, मीच पाजते. का?"

"मंग ठीक हाये, माय," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

"आज्जीने असं का विचारलं?" यामिनी आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

कंपनीत जर्मन साहेबांना तासभर समजावणारा माणूस. पण लेकीला सांगायला कुठून सुरुवात करायची, तेच आम्हा दोघांना कळेना.

"मला जरा पाणी दे," हे शेवटी म्हणाले.

तिने नळाखाली ग्लास भरून आणला. यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि तसेच बसून राहिले.

"पी ना, पापा," घड्याळाकडे बघत ती म्हणाली, "माझी बस जाईल."